लॅम्बडामुळे पीयूसी नापास, सोबत पी०४२० कोड: कॅटकॉन खरोखर बदलावा लागेल का?

करवीरकर_७१

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१८ सालची, बीएस-४ मानकाची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक आहे. गाडी ७१,००० किलोमीटर चालली असून राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी हे रोजचे जाणे-येणे आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादी लांबची फेरी एवढाच तिचा वापर आहे. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेले आहे, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल भरावे लागत नाही आणि मायलेजही पूर्वीइतकेच मिळते. एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आले होते आणि गाडीच्या तळाला ते दोन दिवस लागून राहिले होते. इंजिनात मात्र पाणी गेले नव्हते.

गेल्या महिन्यात डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावल्यावर पी०४२० हा एकच कोड निघाला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटकॉनची) कार्यक्षमता ठरलेल्या पातळीच्या खाली गेली आहे. कोड पुसला, पण आठवड्याभरात तो पुन्हा आला. त्याच सुमारास पीयूसीची मुदत संपली आणि केंद्रावर गाडी नापास झाली. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.०६ टक्के आणि एचसी म्हणजे न जळलेले पेट्रोल ४८ पीपीएम, तर २,५०० आरपीएमला सीओ ०.०४ टक्के आणि लॅम्बडा (इंजिनातल्या हवा-पेट्रोल मिश्रणाचे प्रमाण दाखवणारा आकडा) १.०६ असे आकडे आले. लॅम्बडा ०.९७ ते १.०३ या पट्ट्यात बसत नाही म्हणून हातात रिजेक्शन स्लिप पडली. मी यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला आहे; त्यात आयडलला ऑक्सिजन २.१ टक्के व कार्बन डायऑक्साइड १३.७ टक्के, आणि २,५०० आरपीएमला अनुक्रमे १.३ व १४.३ टक्के दिसतात.

त्यानंतर तीन गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळाले. पहिल्याने कोड पाहताच कॅटकॉन गेल्याचे सांगून मूळ कंपनीच्या भागाचा, मजुरीसह ४६,००० रुपयांचा अंदाज दिला. दुसऱ्याने सुमारे एक तृतीयांश किमतीत बाजारातला कॅटकॉन बसवून देण्याची तयारी दाखवली. तिसऱ्याने कॅटकॉन कापून आतली जाळी काढून टाकावी आणि कॅटकॉनच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर (सेन्सर धुरापासून दूर ठेवणारा तुकडा) लावून दिवा बंद करावा, असे सुचवले. हा तिसरा सल्ला मला मुळीच मान्य नाही, कारण गाडी घराखालच्या बंद पार्किंगमध्ये उभी असते आणि घरात दोन लहान मुले आहेत. कॅटकॉन निकामी झाला आहे की नाही हे पैसे घालण्यापूर्वी खात्रीने कसे ठरवावे आणि कोणत्या चाचण्या कोणत्या क्रमाने कराव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उद्यमनगर_फिटर

करवीरकर साहेब, नव्या कॅटकॉनची ऑर्डर अजून दिली नसेल तर कृपया थांबा. मी बावीस वर्षे उद्यमनगरात गाड्यांचे काम करतो आहे आणि तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी तुमचा कॅटकॉन व्यवस्थित काम करतो आहे, असेच मला दिसते.

कॅटकॉनच्या डब्यात सिरॅमिकची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. जाळी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की सीओ आणि न जळलेले पेट्रोल म्हणजे एचसी यांचे ज्वलन तिथे पूर्ण होते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फोडली जातात. इंजिनातून निघणाऱ्या कच्च्या धुरात सीओ अर्धा-एक टक्का आणि एचसी काही शेकडा पीपीएम असतो. तोच धूर शेपटाशी (सायलेन्सरच्या बाहेरच्या टोकाशी) येईपर्यंत ०.०६ टक्के आणि ४८ पीपीएमवर उतरत असेल, तर मधली जाळी आपले काम करते आहे. बाहेरची हवा मिसळल्यामुळे आकडे कमी दिसतात, ही शंका कोणी काढली तर ती रास्त आहे. पण दोन टक्के ऑक्सिजन दिसण्याइतकी हवा मिसळली तर आकडा जेमतेम दहा टक्क्यांनी उतरतो, दहा पटींनी नाही. कॅटकॉन खरोखर मेला असता तर आयडलची ०.३ टक्के सीओ आणि २०० पीपीएम एचसी ही मर्यादाच तुम्ही आधी ओलांडली असती.

आता प्रश्न उरतो तो जादा ऑक्सिजनचा. लॅम्बडा हा यंत्राने थेट मोजलेला आकडा नसतो. चार वायूंच्या प्रमाणावरून यंत्र तो गणिताने काढते, त्यामुळे धुरात ऑक्सिजन वाढला की लॅम्बडा वाढलाच म्हणून समजावे. असा ऑक्सिजन तीन वाटांनी येतो. एखादा सिलिंडर मिसफायर करीत असेल, म्हणजे त्यातले पेट्रोल पेटत नसेल, तर न वापरलेली हवा तशीच बाहेर पडते, पण तिच्यासोबत न जळलेले पेट्रोलही येते आणि एचसी भडकतो. तुमचा एचसी ४८ असल्यामुळे ही शक्यता मी बाजूला ठेवतो. दुसरी वाट म्हणजे इंजिनच कमी पेट्रोलावर चालते आहे. तसे असेल तर ते फ्युएल ट्रिममध्ये (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्यात) दिसते, म्हणून ते पाहायलाच हवे. तिसरी वाट म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातली एखादी फट, आणि माझा अंदाज तिच्यावर आहे.

फटीतून धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल, असे गिऱ्हाईक नेहमी विचारते. धूर पाइपातून नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, तर प्रत्येक सिलिंडरच्या ठोक्यासरशी पुढे ढकलला जातो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी फट हवा ओढून घेते. आयडलला ठोके विरळ असल्यामुळे ही ओढ जास्त असते आणि इंजिनाचा वेग वाढला की धुराच्या मानाने तिचे प्रमाण कमी होते. तुमचा ऑक्सिजन आयडलला २.१ आणि २,५०० आरपीएमला १.३ आहे, तो या समजुतीला धरूनच आहे.

पी०४२० कोडचेही उत्तर इथेच मिळण्याची शक्यता आहे. गाडीचा कॉम्प्युटर कॅटकॉनमधला धूर स्वतः तपासत नाही. तो कॅटकॉनच्या पुढे व मागे बसवलेल्या दोन ऑक्सिजन सेन्सरची तुलना करतो. पुढचा सेन्सर साध्या झिर्कोनिया जातीचा असेल तर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत झुलत असतो, तर मागच्याचा, जाळी ऑक्सिजन साठवून धरीत असल्यामुळे, ०.६ ते ०.८ च्या आसपास बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा झुलू लागला की कॉम्प्युटर जाळी थकल्याचा निष्कर्ष काढून पी०४२० नोंदवतो. मात्र मागच्या सेन्सरच्या थोडे आधी फट असेल आणि तिथून हवेचे झोके येत असतील, तर जाळी ठणठणीत असूनही तो सेन्सर तसाच झुलतो.

म्हणून सुरुवात स्कॅनरवरच्या चालू आकड्यांपासून करावी. इंजिन पूर्ण तापवून दोन्ही सेन्सरचे आलेख आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहावी. ट्रिम शून्याच्या आसपास, म्हणजे अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनाचे मिश्रण बरोबर आहे आणि फट पुढच्या सेन्सरच्या नंतर आहे. ट्रिम अधिक १५ किंवा त्याहून वर गेली असेल, तर फट पुढच्या सेन्सरच्या आधी तरी आहे किंवा इनटेकच्या (इंजिनात हवा घेण्याच्या) बाजूने हवा शिरते आहे. अशा वेळी व्हॅक्युम पाइप आणि पीसीव्हीचा (इंजिनाच्या तळातला वायू इनटेकमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) होज तपासावा, कारण त्याचे रबर तळाच्या बाजूने फाटते आणि वरून काहीच दिसत नाही.

त्यानंतर इंजिन पूर्ण गार असताना फट शोधावी. स्मोक मशीन असेल तर उत्तम. नसेल तर ब्लोअरची हवा शेपटातून उलट्या दिशेने सोडून मॅनिफोल्डपासून (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या पहिल्या पाइपापासून) मागपर्यंतच्या प्रत्येक जोडावर भांड्यांच्या साबणाचे पाणी ब्रशने लावावे. जिथे फेस फुगेल तिथे फट आहे. महापुराची जी गोष्ट तुम्ही सांगितली ती महत्त्वाची आहे, कारण पाण्यात राहिलेल्या गाड्यांचे फ्लँजचे (पाइपांच्या जोडावरच्या चकतीचे) स्टड आणि स्प्रिंग-बोल्ट हमखास गंजतात आणि गॅस्केटवरची पकड ढिली पडते.

जाळी काढून टाकण्याच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलतो. माझ्याकडे हे काम करून मागणारे दर महिन्याला येतात आणि मी ते करीत नाही. सीओला रंग नाही, वास नाही, आणि बंद पार्किंगमध्ये तो माणसाचा जीव घेतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात आणि लायसन्सही तीन महिने जाते. स्पेसरने दिवा विझतो, पण पीयूसीच्या यंत्रापुढे कच्चा धूर लपत नाही.

धूरमापक

मी पीयूसी केंद्र चालवतो. फिटरदादांनी मांडलेला तर्क मला पटतो, पण त्याआधी एक पायरी आहे: चाचणीच सदोष झाली नव्हती ना, याची खात्री करून घ्यावी. लॅम्बडा जास्त दाखवण्याचे सर्वांत सामान्य कारण गाडीत नसून यंत्राच्या नळीत असते. प्रोब शेपटात किमान ३० सेंटिमीटर आत गेला नाही, तर आयडलच्या विरळ धुरासोबत बाहेरची हवाही ओढली जाते. प्रोबच्या नळीला बारीक चीर असली, पाणी वेगळे करणाऱ्या वाटीचे झाकण नीट बसले नसले किंवा फिल्टरची रिंग झिजली असली तरी हेच होते. यंत्राची लीक टेस्ट नियमाने करायची असते. ती झाली होती का, असे ग्राहकाने विचारले तर केंद्रचालकाला राग येण्याचे काहीच कारण नाही.

दुसरे म्हणजे गाडी गरम हवी. थंड कॅटकॉन काम करीत नाही, म्हणून आमच्याकडे कोणी घरातून निघून पाच मिनिटांत आले तर मी त्यांना एक फेरी मारून यायला सांगतो. पण तुमच्या बाबतीत गाडी थंड असती तर सीओ आणि एचसी वाढले असते, त्यामुळे ते कारण इथे लागू होत नाही. एसी, दिवे आणि पंखा बंद ठेवूनच आकडे घ्यावेत.

माझे सांगणे असे की दुसऱ्या केंद्रावर एकदा नुसते आकडे पाहून घ्यावेत. तिथेही लॅम्बडा १.०५ च्या वर आला तर दोष गाडीत आहे. लॅम्बडावर नापास झालेल्या ग्राहकाला पुष्कळदा मिश्रण ट्यून करून घेण्याचा सल्ला मिळतो. तो कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी योग्य होता. इंजेक्शनच्या गाडीत फिरवायला स्क्रूच नसतो, कॉम्प्युटर सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो, आणि म्हणून सेन्सरला चुकीचे का दिसते आहे हेच शोधावे लागते.

शिरोली_फौंड्री

माझा अनुभव उलट बाजूचा आहे, पण तो इथे उपयोगी पडेल असे वाटते. माझ्या आधीच्या पेट्रोल गाडीचा कॅटकॉन खरोखर गेला होता, आणि मी तो दोनदा बदलला, कारण पहिल्यांदा तो कशामुळे गेला हे कोणी पाहिलेच नाही.

आंबा घाटातून रत्नागिरीला जाताना इंजिन धक्के देऊ लागले आणि चेक लाइट लुकलुकू लागली. ही लाइट स्थिर जळणे वेगळे आणि लुकलुकणे वेगळे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. लुकलुकणारी लाइट म्हणजे या क्षणी मिसफायर होतो आहे आणि कॅटकॉन धोक्यात आहे, अशी सूचना असते. माझ्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल गेली होती. त्या सिलिंडरचे सगळे पेट्रोल न जळता कॅटकॉनमध्ये जाऊन तिथे जळत होते, आणि तशा स्थितीत मी जवळपास साठ किलोमीटर गाडी चालवली. परतल्यानंतर गाडी चढाला दमू लागली आणि तिसऱ्या गिअरच्या पुढे जाईना.

नंतर डबा कापून पाहिला. मी फौंड्रीत काम करतो, वितळलेली वस्तू रोज पाहतो, तरीही मला ते पाहून धक्का बसला. जाळीचा पुढचा अर्धा भाग वितळून, लॅडलच्या तळाशी स्लॅग थिजावा तसा चकचकीत राखाडी गोळा झाला होता आणि धूर जाण्यासाठी एका कडेला अंगठ्याएवढे भोक उरले होते. गॅरेजने नवा कॅटकॉन आणि नवे प्लग बसवले, पण कॉइल जुनीच ठेवली, कारण थंड असताना ती नीट चालायची. चार महिन्यांत तोच प्रकार पुन्हा घडला.

त्यामुळे करवीरकर, तुमच्या गाडीत फट सापडली नाही आणि संशय कॅटकॉनवरच येऊन थांबला, तर तुंबण्याची चाचणी आवर्जून करून घ्या. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी दाबाचा गेज बसवतात. आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या आत दाब असेल तर मार्ग मोकळा आहे. माझ्या गाडीत तो आठच्या वर गेला होता. डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोकून पाहावे. आत जाळीचे तुकडे खुळखुळत असतील तर ते बाहेरूनच ऐकू येतात. आणि कॅटकॉन गेलाच असेल तर नवा बसवण्याआधी प्लग, कॉइल, इंजेक्टर, ऑइल जळते आहे का आणि कूलंट कमी होते आहे का, हे सगळे तपासा. ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर थर धरतो आणि तो थर कोणत्याही बाटलीतल्या क्लीनरने निघत नाही.

उद्यमनगर_फिटर

फौंड्रीवाल्या साहेबांनी सांगितलेले अगदी खरे आहे. ऑइलच्या संदर्भात पीसीव्ही व्हॉल्व्हबद्दल थोडे लिहितो, कारण चाळीस-पन्नास रुपयांच्या होजकडे दुर्लक्ष झाल्यामुळे हजारोंचा कॅटकॉन खराब झालेला मी अनेकदा पाहिला आहे. क्रँककेसमध्ये साचणारा वायू हा व्हॉल्व्ह इनटेकमध्ये ओढून पुन्हा जाळायला देतो. तो चिकटला की आतला दाब वाढतो, सील ओलावतात आणि ऑइलची वाफ सिलिंडरमध्ये जाऊ लागते. व्हॉल्व्ह हातात घेऊन हलवल्यास आतून टकटक आवाज यायला हवा, आणि आयडलवर तो जागेवरून उपसून तोंडावर बोट ठेवल्यास बोट ओढले जायला हवे. आवाज नसेल तर साफ करीत बसू नये, बदलून टाकावा.

आणखी एक कळकळीची विनंती. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर रक्कम राऊंड फिगर करण्यासाठी आणखी पेट्रोल दाबून घेऊ नका. टाकीतली वाफ धरून ठेवण्यासाठी कोळशाच्या कणांचा एक कॅनिस्टर असतो; टाकी गळ्यापर्यंत भरली की त्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरते आणि कोळसा निकामी होतो. मग पर्ज व्हॉल्व्हमधून कच्चे पेट्रोल इंजिनात जाते, पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही आणि आयडलला सीओ वाढतो. वायर काढलेल्या पर्ज व्हॉल्व्हमधून फुंकर पलीकडे जाता कामा नये. गेली तर तो उघडाच अडकला आहे.

कागल_डिझेल

विषय पेट्रोलचा आहे हे मान्य, पण माझा प्रश्न याच प्रकारचा असल्यामुळे इथेच विचारतो. माझ्या बीएस-६ डिझेल एसयूव्हीचा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा तिसऱ्यांदा लागला आहे आणि मला थेट नवा डीपीएफ घेण्यास सांगण्यात आले आहे. गाडी बहुतेक वेळा गावातच, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी वापरली जाते. इथेही आधी तपासण्यासारखे काही आहे का?

उद्यमनगर_फिटर

पुष्कळ आहे. डीपीएफमध्ये काजळी साचते आणि राखही साचते. काजळी जाळता येते, राख जळत नाही. काजळी जाळण्यासाठी फिल्टरमध्ये ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ते कधीच गाठले जात नाही. जाळण्याची क्रिया दर वेळी अर्धवट राहते आणि त्यासाठी जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते. म्हणून सर्वांत आधी डिपस्टिक पाहा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर ते ऑइल बदलल्याशिवाय काहीही करू नका.

मग स्कॅनरवर काजळीचे आणि राखेचे प्रमाण वेगवेगळे पाहा, आणि फिल्टरच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन्ही नळ्या तपासा, कारण त्यातली एक तडकली किंवा तुंबली तरी कॉम्प्युटरला फिल्टर भरल्यासारखाच वाटतो. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) कार्बनने अर्धा उघडा अडकला असेल तर इंजिनच जास्त काजळी करते, तेव्हा तोही उघडून साफ करून घ्या. दिवा नुसता स्थिर असेल आणि गाडीची ताकद कमी झाली नसेल, तर महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवल्यास बहुतेक वेळा काजळी जळून जाते. ताकद कमी झाली असेल तर तसे करू नका, गॅरेजमध्ये स्कॅनरनेच सक्तीचे रीजनरेशन (काजळी जाळण्याची क्रिया) करावे लागेल. फिल्टर फुटलेला आहे का हे पाहण्यासाठी शेपटाच्या आत पांढरे फडके फिरवा. चांगला डीपीएफ असलेल्या गाडीचे शेपूट आतून जवळजवळ स्वच्छ असते, तिथे काळी काजळी निघाली तर धूर फिल्टरला चुकवून जातो आहे. पुढे ऑइल भरताना मॅन्युअलमध्ये सांगितलेले कमी राख सोडणारेच घ्या.

करवीरकर_७१

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानेच सगळे केले आणि निकाल इथे लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

प्रथम दुसऱ्या केंद्रावर आकडे पाहिले. तिथल्या गृहस्थांनी माझ्यासमोर लीक टेस्ट करून प्रोब पूर्ण आत घातला, लॅम्बडा १.०६ च आला. नंतर मित्राच्या स्कॅनरवर चालू आकडे पाहिले तर लाँग टर्म ट्रिम अधिक १.६ टक्के होती, म्हणजे इंजिनाचे मिश्रण ठीक होते. पुढचा सेन्सर व्यवस्थित झुलत होता. मागचा मात्र आयडलला ०.७ वरून ०.१ पर्यंत सारखा आपटत होता आणि २,५०० आरपीएमला त्याचे आपटणे बरेच विरळ झाले. हे पाहिल्यावर फिटरदादांचा तर्क माझ्या पूर्ण लक्षात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी लिफ्टवर घेऊन शेपटात ब्लोअर लावला. कॅटकॉनच्या मागे फ्लेक्स पाइपचा जो फ्लँज येतो, त्याच्यानंतर शेपटाच्या बाजूला जेमतेम चार बोटांवर मागचा सेन्सर बसलेला आहे. त्या फ्लँजला साबणाचे पाणी लावताच खालच्या बाजूने फेसाचा लिंबाएवढा फुगा आला. दोनपैकी एका बोल्टची स्प्रिंग गंजून तुटली होती, दुसऱ्या बोल्टचा नट गंजाने नुसता पोकळ राहिला होता, आणि गॅस्केटच्या कडेला धुराची काळी रेघ उमटलेली होती. लिफ्टखाली उभे राहिल्यावर ती रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. पहिल्या तिन्ही ठिकाणी गाडी लिफ्टवर घेतलीच गेली नव्हती, याचे मला खरोखर वाईट वाटले.

नवे गॅस्केट, दोन स्प्रिंग-बोल्ट आणि मजुरी मिळून १,४५० रुपये झाले. कोड पुसून गाडी कागलपर्यंत एकसारख्या वेगाने नेऊन आणली. मागचा सेन्सर आता ०.७ वर स्थिर आहे. परत पीयूसी केली तेव्हा २,५०० आरपीएमला सीओ ०.०५ टक्के आणि लॅम्बडा १.०१ आला, आणि एक वर्षाचे प्रमाणपत्र मिळाले. आता दिवा पुन्हा लागणार नाही असे समजावे का, की आणखी काही पाहायचे राहिले आहे?

उद्यमनगर_फिटर

फार छान काम केलेत. दोन गोष्टी राहिल्या आहेत. कोड पुसल्यावर कॉम्प्युटरच्या सगळ्या स्वयं-चाचण्या कोऱ्या होतात, त्यामुळे दिवा बंद आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. स्कॅनरवर रेडिनेसचे पान उघडून कॅटॅलिस्टची चाचणी पूर्ण झाल्याचे दिसते का ते पाहा. ती पूर्ण होऊनही पी०४२० आला नाही, अगदी प्रलंबित कोडांतसुद्धा नाही, म्हणजे काम झाले. त्यासाठी रोजच्या वापरात आठवडाभर लागू शकतो. दुसरे असे की नवे गॅस्केट तापून-गार होऊन बसते, म्हणून दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर गार इंजिनावर ते दोन्ही बोल्ट एकदा पाना लावून तपासून घ्या, आणि गाडी लिफ्टवर असतानाच मॅनिफोल्डचे नट व मधल्या सायलेन्सरचे क्लँपही पाहून घ्या, कारण तेही त्याच पुराच्या पाण्यात होते.